अंगातला गारठा

माझी मोठी मावशी भर चैत्रात गोधडी पांघरून ओट्यावर बसायची. आमचं गाव धुळ्याच्या पुढे, माळावरचं. तिथे चैत्रातल्या दुपारी अनवाणी पाय जमिनीवर टेकवत नाही. पाणी भरून येणाऱ्या बाया तिच्याकडे एकदा बघायच्या आणि पदर सावरून पुढे निघून जायच्या. तिचं तोंड सुजल्यासारखं दिसायचं. भुवयांची बाहेरची टोकं झडून गेली होती. आवाज पुरुषासारखा घोगरा झाला होता, आणि बोलता बोलता ती मध्येच थांबायची. कुणी म्हणायचं लागीर आहे, कुणी म्हणायचं नुसता आळस. एका हिवाळ्यात ती दुपारी जेवून आडवी झाली आणि उठलीच नाही. तिला शेवटची आंघोळ घालताना आई एवढंच बोलली, "जिती व्हती तवय बी अशीच थंडी व्हती."

मी तेव्हा शाळकरी पोर होते. पुढे लग्न होऊन यावलला आले. सासर केळीच्या बागांचं. सासरे म्हणजे नाना, सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, दीर-जाऊ आणि आमचे हे. हे हायस्कुलात शिक्षक होते. पहिली मुलगी झाली तेव्हा सगळं नीट होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दुसरी झाली आणि तिचं बारसं आटोपल्यावर थोड्याच महिन्यांत माझं अंग जड व्हायला लागलं.

सुरुवातीला बाळंतपणाचा अशक्तपणा वाटला. मग बांगड्या हातात रुतायला लागल्या. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. पोट साफ होईना. सकाळी उठले तरी झोप डोळ्यांवरून उतरायची नाही, आणि उठावंसंही वाटायचं नाही. बाहेर ऊन रणरणत असताना मी स्वयंपाकघरात चुलीला खेटून बसायचे. आत्याबाई चिडायच्या, "इतल्या गरमीत तुले थंडी कशी वाजते व?"

कशी वाजते ते मला कळत नव्हतं, पण असं बसलेलं माणूस मी आधी पाहिलेलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. बोललं की खरं होईल असं वाटायचं. न्हाणीच्या भिंतीवर एक लहानसा आरसा होता. त्यात मी रोज माझ्या भुवया तपासायचे.

एकदा तव्यावर भाकरी टाकली आणि बसल्या जागी माझा डोळा लागला. जाग आली ती आत्याबाईंच्या ओरडण्याने. भाकरी जळून कोळसा झाली होती, घरभर धूर होता आणि माझ्या पदराचं टोक चुलीच्या तोंडाशी पडलेलं होतं. रांगणारी धाकटी माझ्याकडे येत होती. आत्याबाईंनी आधी तिला उचललं, मग माझा पदर ओढला. त्या दिवशी त्या मला रागावल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मला रागावण्यापेक्षा त्या बघण्याची जास्त भीती वाटली.

त्याच सुमारास आई मला भेटायला आली. धुळ्याहून जळगाव, जळगावहून यावल, दिवसभराचा प्रवास करून. मी तिला घ्यायला एसटी स्टँडवर गेले. ती गाडीतून उतरली, पिशवी सावरली, समोर बघितलं आणि जागीच थबकली. मी हसले, पुढे झाले. आईच्या ओठातून शब्द फुटला,

"अक्का?"

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. माझी मावशी. जाऊन वर्षं झालेली.

मी हाक मारली, "आई, मी आहे." माझा घोगरा आवाज ऐकून ती आणखीच घाबरली. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, मान चाचपली, तळवे दाबून पाहिले. मग स्टँडवरच खाली बसली आणि म्हणाली, "माय वं, बठ्ठं अंग थंडं शे तुनं." आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी तिला उठवून घरी आणलं.

घरी तिने पाणीसुद्धा न घेता ह्यांना सांगितलं, "मनी बहीण अशीच गयी. पोरले जळगावले लई चला." तिची जावयाशी असं तोंड वर करून बोलायची ती पहिलीच वेळ.

जळगावचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आधी गळा समोरून पाहिला, मग पाठीमागे उभं राहून बोटांनी चाचपला आणि पाणी गिळायला लावलं. मला खुर्चीवर गुडघे टेकवायला सांगून घोट्याच्या मागे लहानशी हातोडी मारली. पाऊल झटक्याने उडालं, पण परत यायला त्याने उगीचच वेळ घेतला, पाण्यात पडलेलं पान तळाशी जावं तसा. डॉक्टरांनी पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. रक्त काढलं. ते तपासायला मुंबईला पाठवावं लागे. निकाल येईपर्यंतचे दिवस आईने माझ्या उशाशी बसून काढले. मला दुपारी डोळा लागला की ती हलवून जागं करायची.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, अंगाची ऊब आणि वेग तिच्या रसावर चालतो. कधी कधी आपलं रक्षण करणारं बळच चुकतं, त्या ग्रंथीला परकी समजतं आणि तिला हळूहळू खाऊन टाकतं. "रखवालदारानेच घरात चोरी करावी, तसं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला?" आईने मावशीचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा कुणी ओळखलं असतं तर," एवढं म्हणून थांबले.

त्यांनी बारीक पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली. रोज सकाळी उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर. चहा तासाभराने. बाळंतपणानंतरच्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्या रात्रीच्या जेवणानंतर. "ही गोळी जन्मभराची," ते म्हणाले, "ती तुमच्या ग्रंथीचं काम करील. पण बाकीचं तुमच्या हातात आहे. उपास बंद. झोप पुरी. रोज चालायचं, अंगाला घाम येईल इतकं."

दवाखान्यात बसून हे ऐकायला सोपं होतं. आमच्या घरात सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी असे उपास असायचे, आणि उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा. सून पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर निजायची. उठल्या उठल्या चहा. आणि चालायचं? शेतात जाताना चालायचं, पाण्याला जाताना चालायचं. बिनाकामाचं कोण चालतं?

ह्यांनी नानांशी बोलून उपास सोडवले. आत्याबाई देवासमोर हात जोडून म्हणाल्या, "तिच्या वाटचे मी करीन." आणि खरंच केले. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पालेभाजी, वरण असं वेळेवर खायला लागले.

चालण्याचं मात्र अवघड झालं. पहाटे मी पाटाच्या कडेने निघायचे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. उजाडायच्या आधी केळीच्या बागेत शिरलेला अंधार बाहेरच्या अंधारापेक्षा दाट असतो. पानांवरून दव ठिबकतं आणि कुणीतरी मागून पाय टाकत येतंय असं वाटतं. मी मागे वळून बघायचे, कुणी नसायचं. एकदा वळले तर खरंच कुणीतरी होतं. डोक्यावरून पदर घेतलेली बाई, मी थांबले की थांबणारी. मग तिने खाकरलं आणि मी ओळखलं, आत्याबाई.

"लोक बोलतात," त्या तिथूनच म्हणाल्या. "सून रोज पहाटे कुठी जाते म्हणून. म्हटलं, डोळ्यानं पाहू."

"आणि मग?"

"मग काय? तू तर खरंच नुसती चालतं."

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, मागून. काही दिवसांनी शेजारून. चालता चालता त्यांचे दुखणारे गुडघे, त्यांची गेलेली दोन मुलं, असं कधी न बोललेलं त्या बोलायच्या. माझ्या अंगात ऊब परत आली. आवाज निवळला. बांगड्या पुन्हा खुळखुळायला लागल्या. वर्षाच्या आत मला बघून कुणी म्हणालं नसतं की ही तीच बाई.

आणि तिथेच घात झाला.

ह्यांचे मामा श्रावणात आले. मोठा मान असलेलं, अभ्यासू माणूस. त्यांनी स्वतःची साखर चालून आणि पथ्य करून आटोक्यात आणली होती. माझं सगळं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "बघ पोरी," ते म्हणाले, "तुला बरं कशानं केलं? चालण्यानं, जेवण्यानं, झोपेनं. गोळीनं नाही. उलट गोळी आयती मिळते म्हणून ती ग्रंथी आळशी झाली. गोळी सोड, ती आपोआप कामाला लागेल."

हे मायेने सांगितलेलं होतं, आणि मला जे ऐकायचं होतं नेमकं तेच होतं. जन्मभर हा शब्द मला पायातल्या दोरासारखा वाटायचा. ह्यांनाही पटलं. बाटली कपाटात वरच्या फळीवर गेली.

काहीच झालं नाही. पंधरवडा गेला, महिना गेला, मी चालत होते, खात होते, छान होते. मामांचं खरं ठरलं म्हणून घरात सगळे खूश. अंगात मुरलेलं औषध मुकाट्याने उतरत असतं आणि उतरताना आवाज करत नाही, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. दसऱ्याला मी थोडी दमले. दिवाळीत फराळ करताना बसून राहिले. मला वाटलं चालणं कमी पडतंय, म्हणून आणखी लांब जाऊ लागले. पाय जड झाले तरी ओढत नेले. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "तू हळू झाली व." मी म्हटलं, "थंडीचे दिवस आहेत."

पौषात कडाक्याची थंडी पडली. बागांमधून ओला कचरा पेटवून धूर करत होते, केळी वाचावी म्हणून. मला सर्दी-खोकला झाला. कंपाउंडरकडून खोकल्याचं औषध आणलं, झोप आणणारं. ते घेऊन मी जेवणानंतर पडले.

त्या दिवसातलं पुढचं मला आठवत नाही. आत्याबाईंनी सांगितलं तेच मला माहीत आहे. त्या चहाला बोलवायला आल्या. दोनदा हाक मारली, मी हूं केलं. तिसऱ्यांदा हूंसुद्धा नाही. पाय चाचपले तर दगड. माझ्या आईने स्टँडवरून घरी आल्यावर जे सांगितलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. जावेने विटा तापवून शेकायला आणल्या, पण आत्याबाईंनी गोधड्या गुंडाळून मला उचलायला लावलं आणि केळी नेणाऱ्या ट्रकमध्ये घातलं. कपाटातली बाटली त्यांनी कनवटीला लावली. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काही विचारायच्या आत त्यांनी ती पुढे केली आणि म्हणाल्या, "हे बंद केलं व्हतं. आमी सगळ्यांनी."

डॉक्टरांनी शेक द्यायला मनाई केली. एकदम ऊब दिली तर हृदय बंद पडेल, म्हणाले. नुसती पांघरुणं, नाकातून नळी, नळीतून कुटलेली गोळी. मला जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि आई एका बाजूला, आत्याबाई दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. एक अहिराणी बोलत होती, दुसरी लेवा बोली. दोघी मिळून मला झोपू देत नव्हत्या.

मामा दवाखान्यात आले. दारातच उभे राहिले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं शरीर त्यांच्याशी प्रामाणिक होतं, माझं नव्हतं, इतकाच फरक. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून एवढंच सांगितलं की चालणं सोडू नका, हिलाही सोडू देऊ नका, पण गोळी हा पाया आहे. पायाशिवाय भिंत रंगवून काय उपयोग?

तेव्हापासून गोळी चुकली नाही. चालणंही नाही. वेळेवर जेवण, लवकर झोप, वर्षातून एकदा रक्त. तब्येत ठीक राहिली. पण थोडा जरी आळस आला तरी मी स्वतःकडे संशयाने बघते. दमलेल्या बाईला नुसतं दमता येतं, मला येत नाही. शत्रू घरातलाच आहे आणि तो झोपलेला आहे की जागा, हे मला बाहेरून कळत नाही.

थोरली मुलगी दहावीला गेली त्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "मुलींनाही दाखवून जा." मी दोघींना घेऊन जळगावला गेले. धाकटीचा गळा त्यांनी लगेच सोडला. थोरलीला त्यांनी पाणी गिळायला लावलं, मग पुन्हा एकदा, मग आणखी एकदा.

"काय आहे?" मी विचारलं.

"आत्ता काही म्हणण्यासारखं नाही. रक्त बघू."

थोरलीने बाही वर केली. सुई टोचताना तिने तोंड फिरवलं नाही, नळीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत राहिली. निकालाला आठवडा लागणार होता. बाहेर रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "आई, रिक्षा नको. स्टँडपर्यंत चालत जाऊ." धाकटी कुरकुरली. आम्ही तिघी चालायला लागलो. थोरली पुढे होती, आणि मी मागून तिची मान बघत चालले होते.