मशीनरूममधलं घुबड

आमच्या लिफ्टच्या मशीनरूममधली घुबडाची मादी उंदराच्या विषानेच मेली, असं पक्ष्यांच्या डॉक्टरांनी आज दुपारी फोनवर सांगितलं. तिची दोन पिल्लंही गेली. तिसरं श्वास घेतंय, पण उद्याचा दिवस पाहील असं त्यांना वाटत नाही.

वर्तकनगरमधली आमची सोसायटी. मागच्या महिन्यात उंदरांसाठी डक्टमध्ये विषाच्या वड्या टाकायचं ठरलं. तळमजल्यावरचे कांबळेकाका मीटिंगमध्ये म्हणाले होते, "अहो, ते घुबड रोज तेच उंदीर खातंय. वड्या नको, पिंजरे लावा."

"काका, घुबडाने तुम्हाला वकीलपत्र दिलंय का?" असं विचारून सगळ्यांना हसवणारा मीच होतो.

आज सकाळी काकांनी खोक्यातून मादी आणि तिन्ही पिल्लं खाली आणली. सेक्रेटरीबाई जिन्यात भेटल्या. "बरं झालं, अपशकुन गेला एकदाचा," म्हणाल्या.

डॉक्टरांकडे जायची रिक्षा येईपर्यंत खोका माझ्याकडे देत काका म्हणाले, "नीट धर रे. एक गरम आहे अजून."

उंदीर डक्टमध्ये आहेतच. त्यांना खाणारं कुणी उरलं नाही, आता ते झपाट्याने वाढतील, असं डॉक्टर म्हणाल्या.

वड्यांऐवजी पिंजरे लावा, रोज मी रिकामे करीन, असं मघाशी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. आतापर्यंत फक्त हसणारे इमोजी आलेत. तुमच्या सोसायटीत हे काम कोणी करतं का?

रविवारी मीटिंग आहे. वड्या दुप्पट करायचा ठराव मंजूर होईल.