समुद्राच्या तळाखालचा फुगवटा

आमची नात समुद्राच्या तळाखाली काय दडलंय ते शोधते. पाण्यात उतरत नाही हं; पोहताही धड येत नाही तिला. जहाज चालतं, मागं कोस-दोन कोस लांब केबली ओढत. हवेचे दणके पाण्यात सोडायचे, ते तळाखालच्या गाळाच्या थरांवर आपटून परत येतात, नि केबलींत बसवलेले कान ते ऐकतात. त्यावरून खालचं चित्र काढायचं. कलिंगड वाजवून घेतो ना आपण, तसंच. मी असं म्हटलं की माझा लेक, तिचा बाप, कपाळाला हात लावतो. ती म्हणते, "बाबा, आजीला कळलं. तुम्हालाच नाही."

यंदा पहिल्यांदाच तिला सगळ्या कामाची प्रमुख केलं. काम अर्ध्यावर आलं, तोच चित्र गढूळ यायला लागलं. त्या गढुळात एक मोठा फुगवटा. काम देणाऱ्या कंपनीचे साहेब जहाजावरच होते. फुगवटा म्हणजे खाली तेल, असं धरून त्यांनी कचेरीला कळवूनही टाकलं.

नात म्हणाली, "साहेब, केबलींना शिंपल्या चिकटल्यात. त्यांची खरखर आहे ही. खरवडून पुन्हा याच वाटेनं जाऊ."

"मॅडम, हवा बिघडतेय. एवढं करून फुगवटा तिथंच निघाला, तर वेळ वाया घालवल्याचा ठपका तुमच्यावर. पुढच्या फेरीला प्रमुख दुसरं कुणीतरी असेल."

"असू दे की."

हे तिनं फोनवर सांगितलं, तर लेक म्हणाला, "कशाला साहेबाच्या वाकड्यात शिरतेस?"

मी फोन ओढून घेतला. "करपल्या पातेल्यात तापवायचं नि दुधाला नावं ठेवायची, असं नसतं. घास तू पातेलं."

"घासतेच आहे, आजी!"

लहान होड्या सोडल्या, केबली उचलून उचलून खरवडल्या. हिनंही हातात पातं घेतलं, बोटं सोलवटून घेतली. वारा वाढत होता, तरी जहाज पुन्हा त्याच वाटेनं नेलं. थर उमटले ते घडी घातलेल्या चादरींसारखे, सपाट. फुगवटा गायब!

"म्हणजे इथं काहीच नाही?" साहेब म्हणाले.

"नाही. आत्ताच कळलं ते बरं. नाहीतर एवढ्या खोल पाण्यात भोक पाडून मग कळलं असतं."

साहेब कचेरीला फोन लावायला उठले, दारात घुटमळले, नि मागं वळले.

"मॅडम, हे... तुम्हीच सांगता का त्यांना?"

"द्या इकडं," आमची नात म्हणाली.