माजाला इंग्रजी शब्द

नवऱ्याला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. रोज देवापुढं बसते, तिथंही हा विषय मी हळूच बाजूला सारत आले — देवाला कळत नसेल असं थोडंच आहे? पण आपण बोललो नाही म्हणजे झालं नाही, अशी माझी रीत. आता थकले. लपवायलाही जोर लागतो हो, तो राहिला नाही. तेव्हा बसा. ऐका. मध्ये बोलू नका, आणि समजूत तर मुळीच घालू नका.

मी इंग्रजीची बाई. जिंतूर तालुक्यात, बोरीच्या पुढच्या एका गावात — नाव नका विचारू — हायस्कूलवर होते. मला शब्दांचा लई नाद. एका अर्थाचे तीन शब्द फळ्यावर लिहायचे आणि त्यांच्यातला फरक सांगायचा. पोरं वैतागायची. तिन्हींचा अर्थ उद्धटच आहे ना बाई, मग तीन कशाला? मी म्हणायची, अरे, आपल्याकडं नाहीत का? आगाऊ आपण लेकराला म्हणतो, तेही हसत हसत. उद्धट म्हणताना राग असतो. मगरूर म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाहीतर खुर्ची आहे, आणि त्यात थोडं कौतुकही असतं — असतं की नाही? इंग्रजीत तसंच. एसटीचा कंडक्टर खेकसला तर तो रूड. मोठा साहेब मान वर करून बघत नसला तर अ‍ॅरोगंट. आणि हाताखालच्या माणसानं वरच्याला उलट उत्तर दिलं, तर तो इनसोलंट. वरचा खालच्याला कितीही वाकडं बोलला तरी इनसोलंट होत नाही. हे मी खडू हातात घेऊन, मोठ्या ऐटीत शिकवत असे.

मराठीतला एक शब्द मात्र मी वर्गात कधी घेतला नाही. माज. सांड माजतो, हे ठीक. माणसांत कोण माजतं? पाटलाच्या पोरानं भर रस्त्यात जीप आडवी लावली तर लोक म्हणायचे, जवानी आहे. बौद्धवाड्यातल्या पोरानं इस्त्रीचा शर्ट घातला की — माजलाय.

आमच्याकडं वाघमारे सर होते, गणिताचे. बौद्धवाड्यातलेच, पण शेजारच्या गावचे. नेमणूक तात्पुरती, ते वर्ष सरलं की संस्था त्यांना कायम करणार होती. आई रोजानं कामाला जायची. धाकटा भाऊ त्यांच्या पगारावर शिकत होता. कायम झालो की आईचं रोजानं जाणं बंद करणार, हे ते मला एकदा सहज बोलले होते. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच वर्षी विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. गावोगाव बौद्धांची घरं जळाली. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण लोकांचं बोलणं बदललं. वाघमारे सर दिसले की पारावर बसलेले गप्प व्हायचे. सर मात्र रोज सायकलवर यायचे, घंटेच्या आधी.

आता चहाचं सांगते. मधल्या सुट्टीत बाबूमामा, आमचे शिपाई, ट्रेमध्ये कप घेऊन यायचे. सरांचा स्टीलचा पेला खिडकीत वेगळा असायचा. त्यात वरून चहा ओतायचा, पेला सरांनीच विसळून परत खिडकीत ठेवायचा. कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. मी आले तेव्हा पेला खिडकीत होताच, आणि मी कधी विचारलंही नाही. तर एक दिवस सर आले, खिडकीकडं गेलेच नाहीत. ट्रेमधला एक कप उचलला आणि खुर्चीत बसून चहा प्याले. "झकास झालाय, मामा," एवढंच म्हणाले. कप विसळून ट्रेमध्ये ठेवला आणि तासाला निघून गेले.

अग्गोबाई, त्या ट्रेमधल्या बाकीच्या कपांना मग कुणी हातच लावला नाही! दुसऱ्या दिवशी एकेकानं घरून आपापला कप आणला. मीही आणला. निळ्या फुलाचा होता. जाड कपात चहा गरम राहतो, असं मी न विचारताच सगळ्यांना सांगितलं.

पुढं संस्थेची मीटिंग लागली. अध्यक्षसाहेब आणि हेडसर आत बसले, आणि मला बोलावणं आलं. माझा संस्थेच्याच गंगाखेडच्या शाळेत बदलीचा अर्ज पडून होता — नवरा तिकडं साखर कारखान्यात कारकून, लेकरू सासूजवळ. मला वाटलं, बदलीचं असेल. साहेब म्हणाले, "बाई, माजलाय ह्याला इंग्रजीत काय म्हनतेत? वजनदार पायजे. आन् त्याच्यात जातीचं काई दिसू नये."

कुणाबद्दल, हे विचारायची गरजच नव्हती.

येत नाही म्हटलं असतं तर? कोण मला फासावर देणार होतं? रूड म्हटलं असतं तर समज देऊन सोडलं असतं. नाहीतर सरळ म्हणायचं, साहेब, माणूस चहा प्याला, दुसरं काय केलं त्यानं? यातलं काहीच मी बोलले नाही. इनसोलंट म्हटलं. साहेबांनी अर्थ विचारला, तर तोही फोड करून सांगितला, वर्गात सांगते तसा — कंडक्टर, मोठा साहेब, हाताखालचा माणूस, सगळं. बराच वेळ बोलले. साहेब खूश झाले. "वा बाई, नेमका सापडला!" आणि मी — लाज वाटते सांगायला — मी लाजले. शाबासकी मिळाली म्हणून.

वाघमारे सर कायम झाले नाहीत. तोच शब्द त्यांच्या नावापुढं शेरा म्हणून गेला. जूनमध्ये गणिताला दुसरे सर आले.

माझी बदली झाली. बदलीसाठी बोलले, असं मी मनाला इतकी वर्षं सांगत आले. पोटासाठी माणूस काय काय करतं, वगैरे. खोटं आहे ते. बदलीचा विषय त्या खोलीत निघालाच नव्हता. शब्द माझ्या तोंडात तयार होता, चहाच्या त्या दिवसापासून. सरांनी कप उचलला तेव्हा माझ्याच मनात आलं होतं — लई माजला बाई हा. साहेबांनी फक्त त्याचं इंग्रजी मागितलं.

इथं थांबता आलं असतं. पण अजून एक राहिलंय.

पुढं सोळा वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं, त्या वर्षीची गोष्ट. परभणीच्या स्टँडवर गंगाखेडच्या गाडीची वाट बघत उभी होते. मागून आवाज आला, "बाई, वळखलं का?" वाघमारे सर. केस पांढरे, जवळ शाळकरी लेक. पुन्हा कुठल्या शाळेनं घेतलं नाही, म्हणाले. शेरा आडवा यायचा. कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर वजनं लिहीत वर्षं काढली. भावाची शाळा सुटली. आई शेवटपर्यंत रोजानं जात होती. कुरकुर नव्हती त्यांच्या बोलण्यात, मीच मान खाली घातली. मग ते लेकीकडं वळले. "पाया पड. ह्या आमच्या बाई. त्या मीटिंगमदी समदे माझ्या इरोधात होते, ह्या एकट्या माझ्यासाठी भांडल्या. बाबूमामानं दारातून बगितलं, लई येळ बोलत होत्या म्हने."

पोरगी वाकली.

सांगायला तोंड होतं. गाडी लागायला अजून वेळ होता. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मोठी हो, बाळा. वडिलांचं नाव काढ."