श्वास लांब सोड

माझी पहिली हिवाळी पोस्टिंग काश्मीरमधल्या एका बर्फाळ चौकीवर झाली. मी इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. सेक्शनमधला नायक सुदाम जवळच्याच भवानीनगरचा. तो सीनियर, म्हणून मी त्याला उस्ताद म्हणायचो. सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा हत्यारबंद पहारा, संपला की तो बंकरच्या कोपऱ्यात पावसाळी पोंचो अंथरून योगासनं करायचा, मग प्राणायाम. पोरं हसायची. तो हसू देत असे.

त्या दिवशी आम्ही दोघंच आत होतो, रेडिओ ड्यूटीवर. आधी धक्का बसला, मग अंधार झाला. वरचा बर्फाचा कडा कोसळला होता. छताची तुळई सुदामच्या छातीवर आडवी पडली. माझे पाय बर्फात रुतले. हात जेमतेम पोचत होता, पण तुळई हलेना.

रेडिओ सेट चालू होता. बाहेरचं ऐकू येत होतं, आमचं जात नव्हतं. अँटेना तुटली असावी.

"चार्ली वन, जवाब दो."

चार्ली वन म्हणजे आमचीच चौकी. मी स्विच दाबून ओरडत राहिलो.

"चार्ली वन से कोई जवाब नहीं। सर्च पार्टी, नाले की तरफ बढ़ो।"

नाला खाली होता. म्हणजे ते आमच्यापासून लांब चालले होते. मी नखांनी बर्फ ओरबाडू लागलो.

"ओरडू नको," सुदाम म्हणाला. "हवा संपंल."

"उस्ताद, ते चाललं!"

"येतील माघारी. नाकानं श्वास घे. सोडताना लांब सोड. मन कुठं हाय तुझं?"

"भाईर."

"आत आण. शरीर हितं हाय, तर मन बी हितंच पायजे."

"आन् आत्मा?"

"त्येचं मागनं बघू."

त्या अंधारात मला हसू आलं.

तो सांगत राहिला. घे. थांब. सोड. त्याचा आवाज बारीक होत गेला. एक "सोड" आला, त्यानंतर "घे" आलाच नाही. मी हाका मारल्या. मग गप्प झालो आणि त्यानं सांगितलं तसाच श्वास घेत राहिलो. बऱ्याच वेळानं वर कुत्रं भुंकलं, फावडी वाजली.

मला जिवंत काढलं.

आता बारामतीत मी योगवर्ग घेतो. शवासनात सगळे डोळे मिटतात, मला अजून जमत नाही. खोलीचं दारही लावू देत नाही.

त्या वेळी सुट्टी मिळताच आधी भवानीनगरला गेलो. सुदामचे वडील ओट्यावर बसले होते.

"घाबरला व्हता का रं?"

"न्हाय, आबा. शेवटपत्तुर मला श्वास कसा घ्यायचा ते सांगत व्हता."

आबांनी सरकून मला शेजारी बसायला जागा केली.

"ल्हानपणी लय धाप लागायची त्येला," ते म्हणाले. "रातभर मांडीवर घिऊन बसायचो. म्या बी त्येला हेच म्हणायचो. घाबरू नको बाळा, हळू सोड."