क्लच कोणाच्या पायानं जळला

आमच्या नागपूरकडच्या शहापूरला महामार्गाच्या कडेला गुलाबचं गॅरेज आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. माझ्याकडे गिऱ्हाईक बेताचंच, त्यामुळे गेली चौदा वर्षं मी गुलाबकडे बघण्याचं काम इमानानं केलं आहे. माणूस पन्नाशीचा, बोलणं मोजकं. आसपासच्या निम्म्या ट्रॅक्टरांचे क्लच त्यानं उघडलेत.

त्याची एक खोड आहे. गाडी आली की तो आधी पाना उचलत नाही. "चालवून दाखवा जी," म्हणतो आणि मालकाच्या शेजारी बसून दोन किलोमीटर जाऊन येतो. शहाणे लोक याला टाइमपास म्हणतात. मीही म्हणायचो.

मे महिन्याच्या शेवटी करडीचे टेकचंदसेठ आले. म्हणजे आधी त्यांच्या गाडीचा आवाज आला, सेठ बऱ्याच वेळानं आले. आवाज विमानाचा, चाल बैलबंडीची. पिवळीधमक अमेरिकन मसल कार, साडेचारशे घोड्यांची ताकद, हैदराबादहून जुनी घेतलेली. राइस मिलवाल्या माणसाला करडीच्या रस्त्यावर इतके घोडे कशाला लागतात, हे विचारण्याची कोणाची छाती झाली नव्हती. त्यातही गिअर हातानं टाकायचीच पाहिजे होती, कारण आपोआप गिअर बदलणारी गाडी म्हणे म्हातारे चालवतात. सेठ स्वतः एकसष्ट वर्षांचे.

"गुलाब, क्लच घसरून राहिला," सेठ म्हणाले. "आमच्या कैलाशनं जाळला. हाकलून देलं त्याले."

कैलाश म्हणजे त्यांच्याकडे अकरा वर्षं कामाला असलेला ड्रायव्हर. नुसतं हाकललं असतं तरी निभावलं असतं. पण सेठना बोलायची भारी हौस. पानठेल्यावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं माणूस सापडेल तिथं त्यांनी सांगून ठेवलं की कैलाशनं गाडी खाल्ली. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, महिन्यावर आलेली. क्लच जाळणाऱ्याच्या हाती आपला ट्रॅक्टर कोण देईल? कैलाश चार ठिकाणी विचारून आला होता आणि चारही ठिकाणी लोकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

सेठची घाई वेगळी होती. मुलाचं, अमरचं, लग्न नऊ दिवसांवर. वरात याच गाडीतून निघणार, असं पत्रिका वाटतानाच सांगून झालेलं. नागपूरच्या काचेच्या गॅरेजवाल्यांनी सामान अमेरिकेतून येईल, दोन महिने थांबा, म्हणून हात जोडले होते.

"चालवून दाखवा जी," गुलाब म्हणाला.

दोघं जाऊन आले. मग गुलाबनं स्वतः हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन धक्का खाऊन बंद पडलं असतं. ते मजेत गुरगुरत राहिलं. जळका वास माझ्या दुकानापर्यंत आला.

"सेठ, तुमी ट्रॅक्टरवर शिकले ना?"

"मंग! बाराव्या वर्षापासून चिखलणी करून राहिलो."

"तेच म्हणतो. आपल्या धानाच्या बांध्या लहान. चार पावलं गेलं की वळवा लागते, म्हणून चिखलात पाय क्लचवरच ठेवा लागते. पण हा हायवे होय. जातायेता तुमचा डावा पाय पेडलवरून एकदाबी उठला नाई. अर्धा क्लच दाबून तुमी साडेचारशे घोडे पळवून राहिले."

मी झेरॉक्सच्या मशीनमागे तोंड लपवलं.

"म्हणजे मी जाळला?" सेठ लालबुंद झाले. "कैलाशबी तसाच चालवत असन!"

"त्याच्या हातातली तुमची जीप अकरा वर्षांत मी एकदा उघडली. तुमच्या हातातला ट्रॅक्टर तीनदा. मी काय सांगू?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. आपण नाचत असताना मात्र ती आठवत नाही. सेठ म्हणाले, "तू गाडीचं पाह्य ना बाप्पा, माणसाचं कायले पाह्यते?"

"गाडी करून देतो. पण नेतानी कैलाशले इथं बोलवा अन् सांगा कोणाच्या पायानं जळला ते. नाई तं दुसरीकडे न्या."

मला वाटलं, झालं! सेठच्या मिलचे तीन ट्रॅक्टर आणि दोन ट्रक गुलाबकडेच यायचे. मी त्याला नंतर म्हणालोसुद्धा, "अरे, तुला काय पडलं होतं?" तो म्हणाला, "उद्या आपल्याले कोणी खोटं चोर म्हटलं तं?" मला त्याचा रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली.

सेठ गेले ते तावातावानं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडी परत आली, मिलच्याच ट्रॅक्टरला दोरानं बांधून. साडेचारशे घोड्यांना पस्तीस घोड्यांनी ओढत आणलं. बाकीच्या मेकॅनिकांनी गाडीबरोबर फोटो काढले होते, हात कोणी लावला नव्हता.

गुलाबनं गिअरबॉक्स उतरवला. क्लचप्लेटवरचा लाइनिंगचा थर रिबिटांपर्यंत घासलेला, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग. फ्लायव्हील वरठीच्या खरादवाल्याकडून लेथवर साफ करून आणलं, प्लेटला नागपूरहून नवी जाड लाइनिंग चढवून आणली, प्रेशर प्लेट तपासली आणि पाच दिवसांत सगळं परत चढवलं. हँडब्रेक, चौथा गिअर, क्लच सोडला. इंजिन धक्का खाऊन गप्प.

गाडी न्यायच्या दिवशी गॅरेजात बरीच गर्दी होती. ट्रॅक्टरवाले नेमके त्याच वेळी ऑइल बदलायला कसे आले, ते गुलाबलाच माहीत. कैलाश सायकलवर आला आणि दारातच उभा राहिला. सेठ गाडीत बसले, इंजिन चालू केलं, ते चांगलं गर्जू दिलं आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

"सांगतलं," म्हणाले.

गुलाबनं खिडकीतून हात घालून चावी फिरवली. "आवाजात आयकू नाई आलं जी."

ट्रॅक्टरवाले गाडीजवळ सरकले. सेठनी सगळ्यांकडे पाहिलं. "माह्याच पायानं जळला," ते मोठ्यानं म्हणाले. "कैलाशचा काई दोष नाई." मग खाली उतरले आणि चावी कैलाशपुढे धरली. "चाल. उद्यापासून कामावर ये."

मागून सोनुली गावचा एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "कैलाश, माह्या रोवन्याले येतं का?"

कैलाशचे डोळे भरून आले होते. त्यानं ते लपवलेही नाहीत. चावी घेतली.

"अमरले पयल्या दिवशी कॉलेजात मी नेलं होतं मालक," तो म्हणाला. "वरातीतबी मीच नेतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तुमी दुसरा ड्रायव्हर पाहा."