आत्तीची चिंचपेटी

मोती दिसला की आत्ती तो दाताला लावायचीच. लग्न असो, बारसं असो, समोरच्या बाईच्या गळ्यात मोत्याचा सर दिसला की हिचा हात पुढे. "काढ गं जरा, बघू," म्हणायची आणि पुढच्या दातावर हलकेच घासायची. खरखरला तर खरा, बुळबुळीत लागला तर खोटा. साताऱ्याला एका लग्नात तिनं चक्क वरमाईचाच सर मागितला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं!

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उंब्रजला राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, केव्हाच गेलेले, एकुलता मुलगा फौजेत. त्यानं सुट्टीवर आल्यावर मोठा मोबाइल घेऊन दिला आणि बाईला पंखच फुटले. गुडघ्याचा पट्टा, नॉनस्टिक तवा, देवघरातली लायटिंग, सगळं घरबसल्या. मुलगा तिकडून ओरडायचा, "आई, माल हातात पडल्याबिगर पैसं द्यायचं न्हाईत. पत्ता न्हाई, पक्की पावती न्हाई, तिथं बोट लावायचं न्हाई." ही म्हणायची, "व्हय रं बाबा, मी काय कुकुलं बाळ हाय?"

माझं लग्न ठरलं तेव्हा पोरीच्या गळ्यात मोत्यांची चिंचपेटी मीच घालणार, असं तिनं अख्ख्या भावकीत सांगून टाकलं. मोबाइलवर तिला एक पेज सापडलं होतं. हैदराबादचे अस्सल मोती, फोटो असा की नजर हटू नये, आणि आजच्या आज सगळे पैसे भरले तर निम्मा दर. पेजवर पत्ता नव्हता. खाली कौतुक करणाऱ्या सगळ्या बायका एकच वाक्य लिहीत होत्या. पण तो विकणारा हिला 'माँजी' म्हणत होता ना! "लय गोड बोलतंय गं लेकरू," म्हणत आत्तीनं पैसे पाठवूनसुद्धा दिले.

आमच्यात नवा दागिना आधी देवापुढे ठेवतात. आलेल्या डब्याला आत्तीनं हळदकुंकू लावलं आणि तो तसाच बंद देवघरात ठेवला. हळदीच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडला. चिंचपेटी गळ्यात पडली तेव्हा मला ती फारच हलकी वाटली, पण त्या गडबडीत कोण विचार करतं? आत्तीनं त्या दिवशी मोती दाताला लावला नाही, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

सांगलीला सासरी आले आणि आठवडाभरात घामानं मोत्यांचा रंग निघाला. आत प्लास्टिक! मी फोन केला तर आत्ती हमसून हमसून रडायला लागली. मी म्हटलं, अगं, डबा बंद होता, तुला काय माहीत? तक्रार करू या. "ऱ्हाऊ दे गं," एवढंच म्हणाली. पुढे तिचं येणंच थांबलं. माझ्या पहिल्या संक्रांतीलाही आली नाही. आणि मग एका सकाळी न कळवता दारात हजर. पाणी दिलं, ते हातातच.

"बाय, मला ठावं हुतं."

पार्सल आलं त्याच दिवशी तिनं ते फोडलं होतं. मोती दाताला लावला होता. "बुळबुळीत लागला गं. पोरगं काय म्हणंल, भावकी काय म्हणंल, ह्या भ्यानं डबा परत चिकटवला. देवापुढं ठिवला, म्हंजे कोण उघडतंय?"

मला असा संताप आला! "देवाचासुद्धा आडोसा केलास, आत्ती?"

"केला. तेवढंच असतं तर तुज्या पाया पडून मोकळी झाले असते. पर हळदीला शबानानं इचारलं, आत्ती, कुठनं मागवली? मी त्या पेजचं नाव सांगितलं. तिनं लेकीसाठी साठवलेलं समदं तिथं घातलं. कशाच्या जिवावर? माज्या दातावर इस्वास ठिवून. अन् तिला डबासुदिक आला न्हाई."

शबानाभाभी आत्तीच्या समोरच्याच घरात राहतात, कपडे शिवतात. दुसऱ्या दिवशी मी आत्तीबरोबर उंब्रजला गेले. तिनं भाभींच्या उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. भाभींचा पाय मशीनवर तसाच थांबला. "आत्ती, तुमी फसला म्हणून सांगितलं असतं, तर मी तुमच्यासंगं रडले असते. मला का ढकललंत?" त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही सायबर पोलिसांकडे गेलो. पेज बंद झालं, पैसे मात्र आले नाहीत. आत्तीनं आपल्या पाटल्या भाभींकडे पाठवल्या. त्या तशाच परत आल्या.

त्यानंतर बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत आत्ती उभी राहायची. "फोटोला भुलू नगा गं बायांनो. पत्ता इचारा, पावती मागा, माल व्हिडिओवर दाखव म्हणावं. पैसं आधी देऊ नगा. पार्सल फोडताना मोबाइल चालू ठिवा. अन् फसलाच तर त्याच दिशी बोंबला. माज्यावानी डबा चिकटवू नगा." मग शबानाचं कसं झालं, तेही सांगायची. ती उभी राहिली की भाभी उठून जायच्या. आत्ती त्यांच्या पाठीकडे बघत बोलत राहायची. घरीही ओट्यावर बसून त्या बंद दाराकडेच तिची नजर. "तिनं मला शिव्या तरी द्याव्यात गं," म्हणायची.

या हिवाळ्यात आत्ती गेली. भाभी आल्या, अंगणात उभ्या राहिल्या आणि तिथूनच परत गेल्या.

मागच्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर त्यांचा मेसेज आला. धाकट्या लेकीसाठी मोत्यांच्या सेटचा फोटो, दुकानाचं नाव, आणि खाली 'बघून सांगशील का?' मी पत्ता शोधला, फोन लावला, पावतीचं विचारलं. पलीकडचा माणूस उडवाउडवी करायला लागला. मी भाभींना लिहिलं, घेऊ नका.

लगेच उत्तर आलं, 'बरं झालं इचारलं. आत्ती असती तर तिलाच इचारलं असतं.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि ढसाढसा रडले. एवढं ऐकायलाच ती त्या ओट्यावर बसायची.