गुळाची ढेप आणि लपवलेली एरर

बिलिंगचा प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या सुहासने मला फसवलं. सकाळी काट्यावर गुळाची ढेप ठेवली, तरी स्क्रीनवर आधीच्या गिऱ्हाइकाचंच वजन. समोरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीपण माप मारायला लागलात?" आणि गूळ तिथेच टाकून गेल्या.

काट्याचं वजन वाचणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी वेगळी फाइल, लोडच झाली नव्हती. सुहास फोनवर म्हणाला, "एरर दिसली की लोक घाबरतात, शेठ. म्हणून दाखवत नाही."

हमाल येणार नसला तर निरोप धाडतो. मी त्याच्याशी भांडून मोकळा होतो. न येताच आल्याचं सोंग करणाऱ्या या प्रोग्रॅमशी कसं भांडायचं?

ढेप अजून काट्यावरच आहे, मुंग्या लागल्यात. सुहास, दुकानात ये आणि काकूंना तुझ्या तोंडाने सांग, चोर कोण.